शब्दकोशात जोडा

दर शनिवारी, लेउवार्डनच्या वाचनालयामागच्या खोलीत
आम्ही लोकांचे आजारी संगणक बघतो
आणि मतं फुकट देतो.

व्हीबेचं मत : नवं व्हर्जन म्हणजे जुनंच, फक्त हळू.
शूर्डचं मत : क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या घरातला माळा.
माझं मत कुणी विचारत नाही,
मी बशीत स्क्रू सांभाळतो.

आज चित्स्के आली. पिशवीत बारा वर्षांचा लॅपटॉप,
पंख्याला धाप लागलेली.
‘पुसून टाका, लिनक्स घाला.’
‘कसलं लिनक्स, भंगारात द्या.’
दोघांची जुंपली. कॉफी निवली.
ती म्हणाली, पुसायचं काही नाही,
यात येल्मरचे शब्द आहेत.

येल्मर फ्रिजियनमध्ये लिहायचा.
दुधाच्या नोंदी, पालिकेला तक्रारी.
यंत्राला ती भाषा ठाऊक नव्हती,
शब्दाशब्दाखाली लाल नागमोडी रेघ.
तो दर वेळी उजवी कळ दाबून सांगायचा :
चूक नाही हे. शब्दकोशात जोडा.

फाईल सापडली. साधीच, विनासजावट.
तीन हजार एकशे चार शब्द, अकारविल्हे.
पाय ठेवताच तडकणाऱ्या बर्फाला एक,
अडून बसलेल्या गायीला एक,
आणि मधेच, घाईत जोडलेलं,
एक अक्षर गाळून, तिचं नाव.

‘दुरुस्त करू?’ मी विचारलं.
‘हात लावू नका.’

मग फाईल कशात जपायची
यावरून त्या दोघांची पुन्हा जुंपली.
तिने पेनड्राइव्ह मुठीत धरला, एक घोट घेतला.
तिचंही एक मत होतं :
कॉफी फार पातळ करता तुम्ही.