फेरफार

शनिवारी रात्री मरोळच्या ऑफिसात एसी आठला बंद होतो.
खिडकी उघडली. रिपॉझिटरी उघडली,
हाताने नाही, लायब्ररीतून:
एका फंक्शनला पत्ता द्यायचा, ते कुलूप काढतं
आणि बाजूला उभं राहतं. बोलत नाही.
चुकलात तर आकडा देतं. उणे तीन.

चार हजार एकशे बारा कमिट.
त्यातले नऊशे सहा इरावती तांडेलचे
आणि तिच्या नावावर एकही नाही.

कॅन्टीनमध्ये बशीत चहा ओतत म्हणाली होती,
"आधार झालं, पॅन झालं, बँकेनं सात हेलपाटे घालायला लावून
का होईना, केलं. एवढंच राहिलंय.
कुठल्याही ओळीवर कर्सर नेला की तो माणूस उभा राहतो."
जुनं नाव तिने उच्चारलं नाही.
मीही इथे लिहीत नाही.

बाबा नगर भूमापन कचेरीत कारकून होते.
मिळकत पत्रिकेवर फेरफार चढवायचे, तीस वर्षं.
नाव खोडायचं नसतं, सांगायचे,
कंसात टाकायचं. खाली नवं, नंबर, तारीख, सही.
ब्लेडने खरवडलेलं एक नाव त्यांना
कागद उन्हात धरल्यावर सापडलं होतं.
ती गोष्ट ते जेवताना सांगत, आणि आमटी निवायची.

म्हणून आधी कंसच करून पाहिला.
एक छोटी फाइल, डावीकडे नवं नाव, उजवीकडे जुनं;
लॉग वाचताना आपोआप नवं दिसतं.
इरावतीने ती उघडली. बराच वेळ गप्प.
"म्हणजे जे कुठेच दिसू नये
ते आता एका जागी, नीट, पाटी लावून."

बाबा, तुमचा कंस इथे चालला नाही.

मग मुळापासून.
ज्याला आईबाप नाहीत त्या पहिल्या कमिटपासून चालत यायचं,
एकेकापाशी थांबायचं. ही तू का? मग नाव बदल.
वेळ तीच ठेव, रात्रीचे दोन चाळीस.
झाडाला हात लावू नको,
झाड म्हणजे त्या दिवशीच्या सगळ्या फाइली, जशा होत्या तशा.
आईबाप मात्र नवे दे,
कारण त्यांची ओळख आत्ताच, मागच्या फेरीत बदलली.

पहिल्या खेपेला मर्जपाशी आपटले.
त्याला दोन आईबाप असतात, मी एकच दिला होता.
वरून विमान उतरलं. काच थरथरली. पुन्हा पहिल्यापासून.

एक नाव हलतं तशी चाळीस अक्षरं बदलतात,
मग पुढच्याची, त्याच्या पुढच्याची,
हैदरची, सुबोधची,
तिच्याशी वर्षभर न बोललेल्या केळुसकरांचीही.
त्यांना न विचारता. त्यांना न कळता.

अकराच्या सुमारास एका संदेशापाशी अडले.
"आत्ता झोपतो. उद्या नीट करतो."
फोन केला. यांचं काय करू?
पलीकडे वेसाव्याचा वारा, कुत्री, कुणाचा तरी टीव्ही.
"काना काढ," म्हणाली. "मात्रा राहू दे."

दोन काने. झोपते. करते.
बाबांच्या भाषेत ही सरळ खाडाखोड.
ब्लेड माझ्या हातात आहे आणि हात थरथरत नाही.

जुने कमिट लगेच मरत नाहीत, हेही लिहून ठेवते.
कुणी बोट दाखवत नाही तरी पडून असतात तळाशी,
केर काढला जाईपर्यंत.
आणि नोकरी सोडून गेलेल्या एखाद्याच्या लॅपटॉपवर
कदाचित कायमचे. तिथे माझा हात पोचत नाही.

सोमवारी सगळ्यांनी नव्याने क्लोन केलं, कुरकुरत.
इरावती लॉग खाली खाली सरकवत राहिली,
चहाची बशी कीबोर्डवर सांडेल अशी धरून.
एकदम थांबली.
"दिवाळीत ज्यानं सगळी बिलं दुप्पट छापली होती,
तो बग कुणाचा होता गं?"

वाच ना.

तिने वाचलं. हसायला लागली.
"अगंबाई," म्हणाली, "माझाच."