हातमोजे

तोंतों यूलोझ दर गुरुवारी येतो
रमच्या बाटलीत झऱ्याचं पाणी घेऊन.
बुचाला केळीच्या सोपटाची गुंडाळी,
लेबल खरवडलेलं, त्यावरचा ऊस तेवढा उरलाय.
"बघ गं," म्हणतो, "आज तरी निवळलंय का."

निवळ तर ते पहिल्यापासूनच आहे.
तळाशी खडा टाकला तर त्याची शीरही दिसेल.
हीच तर अडचण.

बास-प्वांतच्या वरच्या अंगाला,
जिथे पेले डोंगराची राख माती होऊन बसलीय,
तिथे तो बावीस वर्षं केळीच्या बुंध्यांशी वाकला.
डाव्या हातात बादली,
उजव्या हातानं पांढरी भुकटी,
परातीत पिठी भुरभुरावी तशी, गोल,
एका झाडाला एक मूठ.
दुपारी त्याच हातानं भाकरीचा पाव मोडला.

सोंडकिडे मेले.
केळी जहाजात बसून गेली, पिवळीधमक.
विष फळापर्यंत फारसं चढत नाही,
ते खाली उतरतं:
अळकुड्यांत, रताळ्यांत,
ओढ्यातल्या कोळंबीत,
आणि मग पुन्हा वर, ताटाच्या वाटेनं.

या माणसानं जन्मात कुणाला पाण्यात पाहिलं नाही.
मी दिवसभर पाण्यातच पाहते,
आणि तिथे तोच असतो,
लिटरमागे इतका इतका.

"तुझं ते लोखंड दाखव," म्हणाला एकदा.
दाखवलं.
काचेच्या कुपीत काळं, काजळाच्या वंशातलं,
नायट्रोजनच्या पांघरुणाखाली निजवलेलं.
हवा लागली की पेटतं, इतकं कोवळं.
"एका केसाच्या रुंदीत, तोंतों,
हजारभर कण खांद्याला खांदा लावून उभे राहतील."
त्यानं टोपी काढून टक्कल चाचपलं.
"म्हणजे माझ्याकडे जागाच नाही."

मग सांगितलं कसं तुटतं ते.
त्या विषाच्या रेणूला दहा क्लोरीन चिकटलेले,
दाराला दहा कड्या घालाव्यात तसे.
लोखंड आपल्या पदरचं देतं आणि कडी काढतं.
निघालेला क्लोरीन निरुपद्रवी होतो,
मिठातला अर्धा वाटेकरी.
लोखंड मात्र गंजून जातं.

"दहाच्या दहा?"
नाही. चार निघाल्या. कधी पाच.
उरलेल्याचं काय होतं, ते अजून शोधतोय.
आणि हे काचेत, तोंतों.
बाहेर अख्खा डोंगर आहे.

तो बराच वेळ गप्प.
मग खालच्या आवाजात, डॉक्टरला विचारावं तसं:
"हे माणसात घालता येतं का?"

मी गाळणकागद उलगडत राहिले.
त्यावर लाल चिखल, काम करून आलेला.
त्यानं बोट पुढे केलं
आणि मी दचकून म्हटलं, "थांब, हातमोजे घाल!"

तो हसला. आधी नाकातून,
मग पोटातून, मग खोकला येईतो.
"आत्ता?"

वरातीमागून घोडं,
तेही निळ्या रबराचं.
माझ्याकडचा सर्वांत मोठा त्याला अंगठ्याशीच अडला.
कोयत्यानं, उसानं, बादलीच्या कडीनं घडलेला पंजा,
त्याच्या मापाचं कुणी कधी काही आणलंच नव्हतं.
तरी त्यानं जोडी मागून घेतली,
खिशात घातली, वरून थोपटली.

या गुरुवारी पाऊस होता, बस उशिरा आली.
बाटली टेबलावर ठेवली ती वेगळीच दिसली.
बूच नाही, सोपट नाही.
तोंडावर ताणून बसवलेला माझाच हातमोजा,
प्रवासात ऊन खाऊन फुगलेला,
पाचही बोटं वर.

"बूच हरवलं," म्हणाला तोंतों,
आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

नोंदवहीत अशा बुचाला रकाना नाही.
मी तारीख घातली, झऱ्याचं नाव घातलं.
बाटली उघडायची तर ते बोट धरूनच उघडावी लागणार होती.
थोडा वेळ तशीच राहू दिली.