समुपदेशन, वीस गुण

पणजीच्या कॉलेजात तळमजल्यावर एक खोटं दुकान आहे.
खऱ्या काउंटरमागे रिकामी खोकी,
आणि रुग्ण म्हणून दर मंगळवारी कुंकळ्येकर सर,
कधी बहिरे, कधी घाईतले,
एकदा तर गरोदर.
आम्ही हसायचो. ते हसायचे नाहीत.
'विचार, आणखी काय काय घेता.
तू लाजलीस तर मी मेलो,' म्हणायचे,
आणि वहीत अर्धा गुण कापायचे.

त्याच वर्षी ऊर्ध्वपातन शिकले, म्हणजे
नाव शिकले.
काचेचा चंबू, काचेची नळी, वाहतं थंड पाणी.
घरी तांब्याचं भाण, मातीने लिंपलेलं तोंड,
लांवणीवर करवंटीने पाणी ओतत बसलेली आई
आणि काजूच्या बोंडांचा वास,
जो केसांतून जूनपर्यंत जात नाही.
प्रयोगवहीत आकृती काढताना
पेन्सिल आपोआप चूल काढू लागली.
खोडली.

मग पाचशे तास वाळपईच्या औषधालयात,
मिनेझिसबाबच्या हाताखाली.
पहिले दोनशे धूळ पुसण्यात आणि मुदती वाचण्यात:
कुठली बाटली मार्चात मरते, कुठली ऑगस्टात.
हळूहळू डॉक्टरांचं अक्षर लागू लागलं,
काळोखात पायांना ओळखीची पायवाट सापडावी तसं.

एप्रिलमध्ये एक माणूस आला,
बोंडांच्या डागांचा शर्ट, एक हात पोटावर.
चिठ्ठी पुढे केली.
मेट्रोनिडाझोल, दिवसातून तीनदा, पाच दिवस.
बाबा.
मी आत आहे हे माहीत असून
रांगेत उभे राहिलेले.

गोळ्या मोजल्या. लेबल लिहिलं.
जेवणानंतर घ्या. तोंडाला धातूची चव येईल, घाबरू नका.
'नका' म्हणाले मी. घरी 'नको' म्हणते.
मग ते वाक्य:
दारूचा थेंब नाही. गोळ्या संपल्यावरही
आणखी तीन दिवस नाही.

'पीत नाही गे मी,' बाबा म्हणाले. खरं होतं.
'चाखतो.'

भट्टी पेटलेली, हुर्राक उतरतोय,
मागे चौघे ताटकळलेले,
गल्ल्यावरून मिनेझिसबाब चष्म्यावरून बघताहेत,
आणि वीस गुणांच्या यादीत कुठेच नव्हतं
ज्याचं कामच चाखणं
त्याला कसं सांगायचं.
'चाखणंसुद्धा नाही.'
त्यांनी पैसे दिले. सुटे मोजून घेतले.
पट्टी खिशात घातली, वरून एकदा थोपटली.

आठ दिवस बाबा भट्टीपासून लांब,
बोंडांच्या ढिगाकडे पाठ करून.
मी कॉलेजातून हायड्रोमीटर आणला,
रजिस्टरात सही करून, फुटला तर भरपाई.
तो हुर्राकात ताठ तरंगत राहिला
शिकवणीच्या मास्तरासारखा.
त्याच्याकडे कोणी बघितलं नाही.

आईने करवंटीच्या कडेवरून थेंब घेतला,
जिभेवर फिरवला,
निखाऱ्यावर थुंकला. चर्र.
'अर्धा ग्राव कमी.'
मी आकडा वाचला, गणित मांडलं.
अर्धाच कमी होता.

'तुला कधीपासून येतं हे?'
'विचारलं कोणी?' म्हणाली,
आणि लांवणीवर पाणी ओतू लागली.