डेडस्टॉक

भट्टीच्या विटा भुसावळच्या.
कोळशाची इंजिनं मोडीत निघाली
तेव्हा त्यांच्या पोटातल्या विटा भंगाळे बाईंनी
पहिल्या पगारातून ट्रॅक्टरभर उतरवून घेतल्या
सावद्याला, मुलींच्या शाळेमागे.
एकेक हुंगली.
"सुपडूभाऊ, ही अजून प्रवासात आहे."
मी शिपाई. मला वाटलं, ह्या बाई टिकत नाहीत.

आपली काळी माती केळी देते, कापूस देते,
आगीत घातली की तडकते.
पाच वर्षं नुसते तडे निघाले.
बाई तडेही वहीत काढून ठेवायच्या, खाली तारीख.
मग तापीचा गाळ, फुटक्या कौलांचा चुरा,
आणि घड उतरल्यावर बांधावर फेकलेले केळीचे खांब.
ते मी वाळवायचो, जाळायचो, राख चाळायचो.
रात्रभर पऱ्हाटी सारायची, ती पण मीच.
त्या राखेची काच होते,
हिरवी, शेवाळावर ऊन पडल्यासारखी.
कुणी सांगितलं असतं तर हसलो असतो.

देव केले नाहीत बाईंनी.
गावानं दर भाद्रपदात सांगून पाहिलं.
त्यांनी कान केले.

एलिमेंटरीच्या पोरी चेहरा काढतात,
पापण्या मोजून काढतात,
कान तेवढे केसांखाली दडवतात.
"जमत नाही त्यावर केस सोडू नका गं," बाई म्हणायच्या.
बाकीचे मास्तर कान पिळत.
बाई वर्षाला एक पोरगी स्टुलावर बसवत
आणि तिचा कान बघत राहत, आठ-आठ दिवस.

पहिला मात्र माझा. डावा,
गोवरात गेलेला.
बहिऱ्याचा कशाला, म्हटलं.
"ह्याच्यात काही शिरत नाही, म्हणून नीट दिसतो."

एकदा सात कान मुंबईला गेले, प्रदर्शनात.
सहा परत आले, गवतात गुंडाळून.
सातवा विकला की फुटला, मी विचारलं.
"चहा उतू चाललाय," म्हणाल्या.

निवृत्तीला चार्ज द्यायचा होता.
कारकुनानं डेडस्टॉक रजिस्टर उघडलं:
चाक, नग दोन.
पाट, लाकडी, नग अकरा.
कान, मातीचे, भाजलेले, नग एकतीस.
मोजले. तीस भरले.
"एक?"
"मुंबईला आहे."
त्याचे चौदा रुपये बाईंनी भरले, पावती माझ्याकडे आहे.
उरलेल्यांपुढे शेरा पडला: निरुपयोगी.
निरुपयोगी मालाचा लिलाव करावा लागतो, तसा नियम आहे.
बोली एकच आली. माझी.

आता ते आमच्या ओसरीतल्या फळीवर आहेत,
लोणच्याच्या बरणीशेजारी.
परवा सुरतेहून एक आली, बँकेत साहेबीण,
चष्मा, पर्स, केस कापलेले.
तिसातून आपला कान उचलला, न चुकता.
बोलली काही नाही.
केस मागे घेतले, तेवढंच.

बाई जळगावला भाचीकडे असतात. हात थरथरतात.
रविवारी फोन येतो, मी उजव्या कानाला धरतो.
"भट्टी?"
भट्टीत मांजर व्यालीय, बाई.
"किती?"
चार.
"डोळे उघडायच्या आत कान बघून ठेवा त्यांचे," म्हणतात,
"नंतर पळत सुटतात."