धडा

टाकीवरचा काटा खोटं बोलत नाही.
खरंही सांगत नाही.
तळाशी द्रवाचा एक घोट असेतोवर
तो साडेसातशेवर ताठ उभा;
घोट संपला की एका संध्याकाळीच आडवा,
पाहुणे दारात, आणि ग्लासात
बिनफेसाचं पिवळं पाणी.

म्हणून वजन करायचं.
टाकीच्या मानेवर ठोकलेला आकडा वाचायचा: साडेसात पौंड.
हा रिकामीचा धडा. वर उरेल तो वायू.
हे मला वडिलांनी शिकवलं, शबॉयगनच्या तळघरात,
मासे तोलायच्या काट्याला टाकी लटकवून,
एकतीस वर्षं न्हाणीघरांचे नळ घासून घासून
गुळगुळीत झालेल्या अंगठ्याने आकडा दाखवत.
जुन्या फ्रिजच्या दारातून बिअर यायची
ती चिनीमातीची मूठ ओढली की;
मुठीवर निळ्या अक्षरात ‘गरम’.
कारखान्यातला नाकारलेला माल.

गुडघे गेल्यावर टाकी उचलवेना त्यांना.
मग मी तिच्याखाली एक चपटा काटा सरकवला,
जो आकडा माझ्या फोनवर पाठवतो, टक्सनला.
“म्हणजे आता माझी बिअर तू मोजणार.”
“बिअर नाही, वायू.”
“एकच की.”

एकच होतं.
गुरुवारी रात्री दशांशानंतरचं दुसरं घर हलायचं:
लायल आला, डॉर्व्हिन आला, पत्ते वाटले,
कोणीतरी डाव चोरला, कोणीतरी ओरडलं.
मी वाळवंटात भांडी विसळत असायचे
आणि मला ते ऐकू यायचं.

नोव्हेंबरात आकडा मंगळवारी उतरला.
बुधवारीही. रात्री दोनला. पहाटे चारला.
मी अंथरुणात बसून गणित मांडलं:
एवढा वायू म्हणजे एवढे ग्लास,
एवढे ग्लास म्हणजे एक माणूस,
पायजम्यात, तळघराच्या शेवटच्या पायरीवर.
फोन केला. आधी आडून विचारलं, मग सरळच.

ते इतका वेळ गप्प राहिले
की मागे त्यांच्या भट्टीचा पंखा सुरू होऊन बंद झाला.
“लायल ऑगस्टात गेला,” म्हणाले. “सांगायचं राहिलं.
डॉर्व्हिनला आता रात्री गाडी चालवता येत नाही.
मी नऊला झोपतो, ॲनलीस.”

मी विमानाने गेले. सरोवरावरून वारा
घराच्या एकाच बाजूला बर्फ लावत होता.
तळघराची खिडकी उघडली, वाटीत साबण कालवला,
रंगाच्या ब्रशने प्रत्येक जोड माखला,
आणि गुडघ्यांवर बसून वाट पाहिली.
मोठ्या नटाच्या कडेला एक बुडबुडा
फुगला, थरथरला, फुटला.
मग दुसरा. मिनिटाला दीड, फार तर.
आत नायलॉनची चकती, नखाएवढी,
केसाएवढी भेगाळलेली.
एवढ्यावर मी माझ्या बापाला दारुडा ठरवलं होतं.

नवी चकती चाळीस सेंटला मिळाली.
पाना त्यांनी माझ्या हातातून घेतला,
“जास्त आवळशील,” म्हणाले,
आणि मग एक ग्लास भरून दोघांत केला.
फेसाची मिशी पुसली नाही त्यांनी.
माफी मी मागितली नाही, त्यांनीही मागू दिली नाही;
लायल पत्त्यात कसा लबाडी करायचा, ते सांगत राहिले.

आता गळती नाही.
नऊ पूर्णांक बारा.
या गुरुवारी नऊ पूर्णांक बारा.
पुढच्या गुरुवारी नऊ पूर्णांक बारा.
आकडा उतरला की झोप उडायची,
आता उतरत नाही म्हणून उडते.

आज, त्यांच्याकडे साडेआठ वाजता,
नऊ पूर्णांक अकरा.
कोण आलं असेल, विचारणार नाही.