उघाडी

संध्याकाळी बाबा मोजे काढतात
तेव्हा पोटरीभोवती इलॅस्टिकचा काठ राहिलेला असतो,
त्याखाली पाऊल फुगलेलं,
घोटा शोधावा लागतो.
गेटवर बारा तास खुर्ची,
खुर्चीत लोंबते पाय.

नेरूळच्या डॉक्टर कुरुपनी नडगीवर अंगठा दाबला,
उचलला.
खळगा तसाच.
बाबा म्हणाले, आगरात पाय असाच उमटायचा,
दुपारपर्यंत बुजायचा नाही.
डॉक्टर हसले नाहीत.
मीठ किती खाता, एवढंच विचारलं.

हसुराम म्हात्र्यांना!
ज्यांच्या जातीच्या नावातच आगर,
सोळाव्या वर्षापासून ज्यांनी कोंड्यांत मीठ पिकवलं,
बोटांच्या भेगांत उन्हाळाभर चुरचुरवलं,
आणि जिथे रास घालायचे
तिथल्याच बावीस मजल्यांखाली बसून
आता येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहितात.

रिपोर्ट आले. किडनी बरी, हृदय जरा दमलेलं.
सकाळची एक गोळी.
बाकीचं माझ्या ओट्यावर सोपवून
डॉक्टरांनी चिठ्ठी दुमडली.

मी फळीवरून सुकटीचा डबा उतरवला,
बोंबील, वाकट्या,
पापड, फरसाण, पोराच्या नूडल्समधली पुडी.
पावातही असतं म्हणे. पावातही.
आणि मागे, कोपऱ्यात, आईची लोणच्याची बरणी.
आईला जाऊन तीन वर्षं झाली,
बरणी अजून अर्धी.
मिठानंच टिकवलं होतं ते.

शेजारच्या पिंगळेबाई मॉलमधून
कमी सोडियमचं मीठ घेऊन आल्या, मोठ्या मायेनं.
डॉक्टर फोनवर म्हणाले, यांच्या गोळीबरोबर ते नको.
पुडा परत देताना मलाच ओशाळल्यासारखं झालं.

पहिल्या दिवशी आमटीचा भुरका घेऊन बाबा थांबले.
"मीठ इसारलीस गो."
"नाय इसारले."
पुढे जेवण संपेपर्यंत
फक्त ताटाचा आवाज.

तिसऱ्या रात्री फ्रीजच्या उजेडात
ते फोड चोखत उभे होते,
चोरासारखे नाही, पोरासारखे.
मी बोलले नाही.
सकाळी वजनकाटा बोलला,
आठशे ग्रॅम.

काट्यावरून उतरायचं विसरून ते म्हणाले,
"मीठ हाय तिथं पानी येनारच.
म्हनून तर बांधाला उघाडी ठेवायची.
ओहोटीला उघडली नाय
तर एक दिवस खांड परते."
एवढं तर डॉक्टरांनीही सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून केबिनमध्ये उलटा क्रेट,
क्रेटवर घडी घातलेलं पोतं, त्यावर पाय.
मधूनच उठून गेटपासून जनरेटरपर्यंत फेरी.
घरी आल्यावर दोन उशा.
"उघाडी उघरली," नातवाला सांगतात.

मीही शिकत गेले.
आमसूल, ठेचलेला लसूण, मिरी,
ताज्या मांदेलीला लिंबू,
भाकरीच्या पिठात काहीच नाही.
दोनदा फसलं, एकदा कुत्र्यानंही हुंगून सोडलं.
पंधरा-वीस दिवसांनी बाबा म्हणाले,
दुधी गोड असतो, माहीतच नव्हतं.

ज्यांनी खंडीनं मीठ मोजलं
ते रोज सकाळी
खोकल्याच्या औषधाच्या झाकणात
स्वतःचं दिवसभराचं मीठ काढून ठेवतात,
आणि वर आलेली रेघ बोटानं सपाट करतात,
फावड्यानं करावी तशी.

रात्री पोरगा त्यांच्या नडगीवर अंगठा दाबतो,
मोठ्यांदा आकडे मोजतो.
परवा चाळीस. आज बावीस.
उद्याचं कुणी सांगावं,
उद्या हळद आहे दिवाळ्यात, पंगतीत हात कोण धरणार.

बरणी मी टाकलेली नाही.
रविवारी ते ती खाली घेतात,
झाकण उघडतात,
वास घेतात,
लावून टाकतात.