सित्तानाचे रांजण

ओमदुर्मानच्या त्या गल्लीत आता तीनच घरांना छप्पर आहे,
आणि सित्तानाच्या दारात दोन रांजण.
तिसरा होता. गोळी लागली, फुटला.
पाणी भिंतीलगत ओघळत गेलं
आणि एक मांजर, कुणाचं कोण जाणे,
ती ओल चाटत बसलं अंधार पडेस्तोवर.

नवरा गेल्यावर त्याच्या नावानं मांडलेली ही पाणपोई.
वाटसरूनं प्यावं, दोन शब्द पुटपुटावेत, पुढं जावं.
एवढाच हिशोब होता.

आता नळ कोरडे.
भल्या पहाटे ती नाईलवर जाते,
सोबत पिवळे डबे, शेजारचं गाढव,
आणि गाढवाचा मालक इद्रीस, वय वर्षं नऊ.
गाढवाला तोफ कळते.
माणसांच्या आधी थांबतं.

परवा कुणीतरी साखळीचा पेला तोडून नेला.
“तहान मोठी असेल,” ती म्हणाली,
आणि आतून दुसरा आणला,
लग्नातला, काचेचा, निळ्या काठाचा.

पाणी ओतताना ती बोलते.
प्रार्थना म्हणावी असं त्यात काही नसतं.

“घे. आज एवढंच जमलं.
गढूळ आहे, निवळायला वेळ दे.
माझा हातिम कुठं आहे ते तू सांगत नाहीस.
नको सांगू.
पण असेल तिथं कुणाच्यातरी दाराशी
एक रांजण असू दे.
झाकणासकट. फार धूळ उडते हल्ली.

ज्यानं तिसरा फोडला, तो काल आला होता प्यायला.
मी ओळखलं. त्यानं नाही.
मिसरूडही फुटलेली नाही अजून.
दोन पेले प्यायला, अर्धा हनुवटीवरून सांडला,
हात असा कापत होता.
शाप माझ्या जिभेच्या टोकावर,
तेवढ्यात तोच म्हणाला,
‘तुमच्या गेलेल्या माणसांवर दया होवो, आई.’
रीतच आहे तसं म्हणायची.
आता तूच सांग, त्याचा हा आशीर्वाद
मी ठेवू कुठं?
घरात ठेववत नाही.
बाहेर टाकवत नाही.

तू फार वर असतोस म्हणतात.
तिथं आता ती घुंघुं करणारी विमानं फिरतात, बिनमाणसांची.
त्यांच्या जरा खाली ये.
छपरं नाहीतच, सगळं दिसेल तुला,
चुलीवरची डाळसुद्धा.
आणि आलास तर वाटसरूसारखा ये,
तहानलेला.
न मागणाऱ्याला काय द्यावं
ते मला कळत नाही.”

मग ती कमरेवर हात ठेवून उभी राहते थोडी.
दूर कुठंतरी एक स्फोट,
आणि त्याच्या मागोमाग, उशिरानं, बांग.
भोंगा बंद आहे. कुणीतरी नुसत्या गळ्यानंच देतंय,
मध्येच खोकतोय, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतोय.

रात्रभर रांजण पाझरतात.
खाली वाडगा आहे, चिमण्यांसाठी.
घरी कुणी नाही म्हणून इद्रीस इथंच निजतो,
थेंब मोजत.
एकशे बारापर्यंत ऐकू आला.
गाढव मात्र जागंच आहे,
कान टवकारून.